पाळकातला ळ

ती बाई बाळ माझ्या हातात देऊन फाटकाबाहेर गेली, तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. माझी अबी व्हरांड्यात बसून चटईची सुटलेली काडी तोंडात घालत होती आणि माझं निम्मं लक्ष त्या काडीवर होतं. अबी दहा महिन्यांची आहे. ती झाल्यापासून माझं निम्मं लक्ष कायमच तिच्या तोंडावर, मुठींवर, ती रांगत निघालीय त्या दिशेवर असतं. उरलेल्या निम्म्यात मी नोकरी करते.

नोकरी म्हणजे मी पाळक आहे. मेंढपाळातला पाळक. बाहेरचे लोक ज्याला फादर किंवा पास्टर म्हणतात, तो आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांत पाळक. बी.ए. झाल्यावर मी पुण्याला धर्मशास्त्र शिकले, रीतसर दीक्षा घेतली. पण बाई पाळक कुठल्याच चर्चच्या मंडळीला नको होती. माझ्या नावाला उघड विरोध कुणी केला नाही. फक्त त्या वर्षी जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळीच्या चर्चचं छप्पर एकदम दुरुस्तीला आलं आणि नवा पाळक ठेवणं कुणालाच जमेना. मग मला इथं पाठवलं, बेथेस्दा निवासात. मोठ्या सरकारी दवाखान्यासमोर आमच्या संस्थेची ही धर्मशाळा आहे. गंगापूर, कन्नड, पार जालन्याकडून पेशंटबरोबर आलेले नातेवाईक इथं राहतात. चटई, चादर, दोन वेळचं जेवण. जात-धर्म कुणी विचारत नाही. इथं व्यासपीठ नाही, प्रवचन नाही. मी लोकांशेजारी बसते. कुणी म्हटलं तर प्रार्थना करते, नको म्हटलं तर चहा घेऊन पुन्हा बसते. सकाळी वॉर्डांतून एक फेरी मारते.

फाटकावर पाटी आहे : पाळक, रेव्ह. सौ. एस्तेर मकासरे. पण त्या पाटीवरचा ळ या शहरात फारसा कुणाच्या तोंडी टिकत नाही. इथं येणारे निम्मे लोक दखनी उर्दू बोलणारे, त्यांच्या जिभेला ळ येतच नाही. उरलेल्या निम्म्यांना पाळक हा शब्दच ठाऊक नसतो. त्यांना शाळेच्या पालकसभेतला पालक माहीत. भाजीवाला नूरमोहम्मद तर रोज ओरडतो, "पालकबाई, आज पालक नको, मेथी लो." माझा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आहे. त्यानं हे ऐकल्यापासून घरी माझी गणती पालेभाज्यांत होते. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायची. मग सोडून दिलं. लेकीला दूध पाजत, पेशंटच्या आईचा हात धरत, व्याकरण कुठवर सांगणार.

तर त्या दुपारी ही पोरसवदा बाई आली. बुरखा डोक्यावरून मागे टाकलेला, ओढणीचं टोक तोंडाशी घट्ट धरलेलं. आधी ती पाटीसमोर उभी राहिली, ओढणीआड ओठ हलवत वाचल्यासारखं केलं, मग माझ्याकडे आली.

"तुमीच पालक ना?"

"हो, मीच."

"सबके?"

"जो येईल त्याची," मी म्हणाले. खरं सांगायचं तर वाक्य मला आवडलंही होतं.

तिनं बाळाच्या तळपायाला ओढणीवरूनच ओठ लावले, त्याला माझ्या हातांत ठेवलं आणि म्हणाली, "जाती मैं."

मला वाटलं, वॉर्डात डबा देऊन येईल. बायका असं करतात. एका हातात डबा, एका हातात चपला, मग लेकरू कुणाकडे द्यायचं? माझ्याकडे देतात. मी अबीच्या तोंडातून काडी ओढून काढली आणि दोन्ही मांड्यांवर दोन लेकरं घेऊन बसले.

जेवणाच्या पंगती उठल्या, भांडी घासून झाली, व्हरांड्यातलं ऊन पायरीवरून खाली उतरलं. ती आली नाही. चारेक महिन्यांचं असेल बाळ, मान सावरलेलं, मनगटावर काळा दोरा. आधी ते नुसतं बघत होतं. मग रडायला लागलं. द्वारकाबाई, आमच्या स्वयंपाकीण, मूळच्या गंगापूरकडच्या, त्यांनी चमच्यानं साखरपाणी पाजून पाहिलं. बाळानं ते सगळं त्यांच्या पदरावर परत केलं. वरचं दूध दिलं, तेही नाही. रडून रडून त्याचा आवाज बसला, आणि तो बसका आवाज ऐकून माझा ब्लाउज ओला झाला.

हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगता येत नाही. दूध विचारून येत नाही. कुणाचंही मूल रडलं तरी येतं. मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि त्याला पाजलं. पहिल्या घोटाला ते दचकलं, मीही दचकले. वास वेगळा, ओढ वेगळी, डोक्यावरचे केस अबीपेक्षा कितीतरी दाट. ते माझ्याकडे एकटक पाहत पीत होतं. अबी जमिनीवरून आम्हां दोघांकडे पाहत होती, तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं.

बाहेर आले तेव्हा द्वारकाबाईंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की ती बाई जाताना नेमकं काय म्हणाली. मी सांगितलं.

"'येते' न्हाई म्हणली? 'जाते' म्हणली?"

"हो."

"मंग ती येत नस्ती, पाळकबाई." त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. "लेकराला सोडून 'जाते' कोन म्हनतं?"

आपल्यात मसणवटीत निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणून उंबरा ओलांडतो. 'जाते' हा शब्द बायका तोंडातून काढत नाहीत. ती स्पष्ट सांगून गेली होती आणि मी काडीकडे बघत बसले होते.

मग मला राग आला. धक्क्यानंतर मला नेहमी रागच येतो, कारण तो भीतीपेक्षा सोपा असतो. एवढं गोंडस पोर, काळा दोरा बांधलेलं, तेल लावलेलं, आणि असं टाकून जायचं? मी अबीला पाळण्यात ठेवून पाणी आणायला गेले तरी दोनदा मागे वळून बघते. मीच उठून ऑफिसात गेले आणि व्यवस्थापक आप्पासाहेब शिरसाटांना म्हणाले की पोलिसांना कळवा.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. तीस वर्षं ते ही संस्था सांभाळताहेत आणि वाईट बातमी आली की आधी चष्मा काढतात, जणू न दिसली तर टळेल. हळू आवाजात त्यांनी मला समजावलं की बाई, हे नुसतं टाकलेलं मूल नाही. मुसलमानाचं लेकरू, मिशनच्या घरात, आईचा पत्ता नाही. मुलं पळवतात, बाटवतात, असं उद्या कुणी म्हणालं तर दोन्हीकडची माणसं फाटकाशी उभी राहतील आणि ज्यांचे पेशंट समोर झोपलेत ते रस्त्यावर येतील. रात्र व्हायच्या आत मूल सरकारच्या ताब्यात गेलं पाहिजे. एकदा ते शिशुगृहात गेलं की आईनं परत मागितलं तरी कोर्टाची पायरी चढावी लागते, हे त्यांनीच सांगितलं. आईवर गुन्हाही दाखल होतो. मी म्हणाले, होऊ दे. त्यांनी फोन फिरवला.

पोलीस चौकीतून पुंजाराम जमादार सायकलवरून आले. निवृत्तीला टेकलेले, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र गावच्या पारावरचा. त्यांनी पायरीवरच बैठक मारली, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "हं पाळकबाई, त्या बाईनं लेकरू देताना काय म्हणलं ते सांगा. जसंच्या तसं. मनचं घालायचं नाय."

मी सांगितलं. पाटीसमोर उभी राहिली. मग विचारलं, तुमीच पालक ना. मी म्हणाले, हो, मीच. मग विचारलं, सबके. मी म्हणाले, जो येईल त्याची.

जमादारांनी बशी खाली ठेवली.

"पालक?"

"पाळक. म्हणजे तिला ळ म्हणता येत नव्हता."

"ते तुमचं झालं. ती काय म्हणली?"

"पालक."

"आन् तुम्ही व्हय म्हणलात."

"हो."

"मंग टाकलं कुठं?" ते आप्पासाहेबांकडे वळले. "मी गुन्हा कोन्ता लिहू साहेब? तिनं आधी पाटी पाह्यली, मंग इचारलं, पालक तुम्हीच का. ह्या व्हय म्हणल्या. तिनं लेकरू पालकाच्या हवाली केलं. माझ्या नोकरीत एवढं रीतसर कुनी केलं नाय."

आप्पासाहेब हसले नाहीत. द्वारकाबाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. माझे कान गरम झाले. दिवसभर मी त्या प्रश्नाकडे पाहिलंच नव्हतं, फक्त 'जाती'कडे पाहत होते. 'तुमीच पालक ना' हे तिनं ओळख म्हणून विचारलंच नव्हतं. खात्री करून घेतली होती. आणि 'जाती मैं' तर दखनीत कुणीही म्हणतं, नूरमोहम्मद रोज गाडा ढकलताना म्हणतो, जाता मैं, आणि दुसऱ्या दिवशी मेथी घेऊन हजर असतो. येतो म्हणून जायचं, ही रीत आमची. तिनं ती मोडली नव्हती, तिची ती नव्हतीच.

पण पालक तिला हवा कशाला होता? कुणी बाई आपल्या मुलाला पालक शोधत हिंडत नाही. तिला कुणीतरी तसं सांगितलेलं असणार. आणि मग मला आठवलं, दवाखान्याच्या मागच्या अंगाला छातीच्या रोगांचा वॉर्ड आहे, तिथल्या दारात सिस्टर प्रत्येकीला म्हणते : लहान मूल आत चालणार नाही, पालकांकडे ठेवून या, मगच भरती. मी ते वाक्य कितीदा ऐकलेलं होतं. अबी झाल्यापासून मात्र माझी फेरी त्या वॉर्डाआधीच वळते. मी ते ठरवलं नव्हतं. पाय आपोआप वळायचे.

ओढणीचं टोक तोंडाशी घट्ट धरलेलं. ओठ थेट न टेकवता, ओढणीवरून घेतलेला मुका. मला वाटलं होतं, लाज.

मी जमादारांना म्हणाले, थोडं थांबा, आणि चप्पल न घालताच रस्ता ओलांडला.

वॉर्डाच्या दाराशी मी पदर नाकावर बांधला. सिस्टरनी मला पाहिलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं, इतक्या दिवसांनी इकडे कशी. मी विचारलं, दुपारी कुणी तरुण बाई भरती झाली का, चार महिन्यांचं बाळ असलेली. त्या म्हणाल्या, हो की, सगीरा. बाराच्या सुमाराला आली तेव्हा बाळ कडेवर होतं. थुंकीत जंतू भरपूर, रक्तही पडत होतं. तिला सांगितलं, बाळ पालकांकडे ठेवून ये. रडत गेली, म्हणाली नवरा गुजरातकडं ट्रकवर आहे, घरात कुणी नाही. आणि तासाभरानं हसत आली. म्हणाली, पालक मिल गये, सामनेच है.

मला ऐकू सगळं आलं. पण 'थुंकीत जंतू' हे शब्द कानांतून खाली उतरले आणि छातीपाशी थांबले, जिथं काही वेळापूर्वी ते बाळ होतं. त्यानंतर मी अबीला पाजलं होतं. त्याच बाजूनं. पुसलंसुद्धा नव्हतं.

मी भिंतीला धरलं. सिस्टर म्हणाल्या, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे स्टूल सरकवलं. मग म्हणाल्या, दोन्ही मुलांना उद्या दाखवून घ्या, एवढ्या लहान मुलाकडून सहसा लागत नाही, बहुतेक काही होणार नाही. मी आयुष्यात खूप शब्द पाठ केलेत, बायबलच्या मूळ इब्रीतलेसुद्धा. 'बहुतेक' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सगीराची खाट खिडकीशी होती. मी बाहेरच्या ओट्यावरून गजांपाशी उभी राहिले. ती मला बघून उठून बसली आणि लगेच ओढणी तोंडावर घेतली. मी आत यायला नको म्हणून तिनं हातानं खूण केली.

"मुन्ना रोया?"

"रडला. मग झोपला."

"दूध क्या पिलाये?"

खोटं बोलता आलं असतं. डब्याचं म्हणता आलं असतं. आमच्या दोघींच्या मध्ये गज होते आणि माझे पाय अनवाणी होते.

"माझं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. आमच्या मंडळीतल्या बायका ओरडल्या असत्या. ओढणीच्या वर तिचे डोळे हळूहळू बारीक झाले आणि मला उशिरा कळलं की ती हसतेय.

"तुमारेकू बेटी है ना? वो चटई खा रही थी."

"हो."

"फिर अब मुन्ना का उससे निकाह नै हो सकता. दूध के भाई-बहन हो गये." तिला खोकला आला, ती पाठ फिरवून खोकली, बराच वेळ. मग वळली. "अच्छाच हुआ. मेरेकू बहू गोरी होना."

मी हसले. हसतानाच मला रडूही आलं, आणि या दोन्हींत पदर नाकावरून घसरला तो मी घाईनं पुन्हा बांधला. तिनं ते पाहिलं. पाहिलं आणि नजर खाली घातली. तिच्या नजरेनं मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मग मी तिला खरं ते सांगायचं ठरवलं, कारण ती फसलेली होती आणि तिला कळायला हवं होतं. मी सांगितलं की मी पालक नाही, पाळक आहे. ळ. चर्चचा माणूस. सरकारनं नेमलेली कुणी नाही. तू पाटी वाचलीस पण शब्द वेगळा होता. मुलांना ठेवून घ्यायचं माझं काम नाही.

तिनं नीट ऐकलं. ओढणीआड ओठ हलवून पाहिले, फाटकाशी हलवले होते तसेच.

"पा...लक," ती म्हणाली. "हौ. वहीच तो बोली मैं."

"तो नाही. पाळक."

"काम क्या करते पालक?"

दीक्षेच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी न अडखळता दिली होती. इथं मी म्हणाले, "सांभाळतात."

"फिर?" सगीरा म्हणाली. आणि आडवी झाली, कारण ती दमली होती. मी वळल्यावर तिनं मागून सांगितलं की त्याचं नाव मोहियोद्दीन, पण मुन्ना म्हटलं की बघतो, आणि झोपताना त्याला कान धरायला लागतो. कुणाचाही चालतो.

मी परतले तेव्हा दिवे लागत होते. जमादार पायरीवर तसेच, आप्पासाहेब दारात. आत चटईवर अबी आणि मुन्ना शेजारी शेजारी होते आणि द्वारकाबाई दोघांवरच्या माश्या वारत होत्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की अबीला उचलून दुसऱ्या खोलीत न्यावं आणि दार लावून घ्यावं. दुसरा विचार बराच वेळ आला नाही.

मी सगळं सांगितलं, छातीच्या वॉर्डाचंही. द्वारकाबाईंचा हात थांबला. आप्पासाहेब पुन्हा चष्मा काढत म्हणाले, मग तर बाई, मूल आजच शिशुगृहात गेलेलं बरं. तुमच्या पोरीचा विचार करा. आणि आई बरी होऊन येईपर्यंत, आली तर, नियमानं बघू.

ते चुकीचं बोलत नव्हते. मी काय आहे, किती घाबरट आहे, हे त्यांना ठाऊक होतं. दिवसभरात मला पटेल असं कुणी बोललं असेल तर ते तेच.

जमादारांनी खिशातून कागद काढून मांडीवर ठेवला. "आई सापडली, गुन्हा गेला. लेकरू ऱ्हायलं. उद्या मी जाऊन तिला इचारतोच, पर आज कुनाच्या ताब्यात लिहू?"

आप्पासाहेब म्हणाले, लिहायचंच तर संस्थेच्या.

"संस्थेला मांडी नसती, साहेब. माणसाचं नाव लागतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी पेन उचललं. "बाई, तुमचं नाव घालायचं तर पुढं काय लिहू? पाटीवरचं लिहू, का ती म्हणली ते?"

मुन्ना जागा झाला होता. हात हवेत काहीतरी शोधत होता. तो हात अबीच्या कानाला लागला आणि त्यानं कान धरला. अबीनं कान सोडवून घेतला नाही.

मी म्हणाले, "ती म्हणाली ते लिहा."

"म्हंजी ल."

"ल."

ते लिहीत असतानाच अबी खोकली. एकदाच. जमादार काय विचारत होते ते मी अर्धवट सोडलं आणि आत पळाले. द्वारकाबाई म्हणाल्या, ठसका आहे नुसता, पुन्हा काडी तोंडात गेली होती. त्यांनी मला काडी दाखवलीही. ओली, टोकाला चावलेली.

मी दोघांना उचललं, एकेका खांद्यावर घेतलं, आणि दोन्ही पाठींना कान लावून ऐकत उभी राहिले.